घटक ४ : ‘धसका’ – नकारात्मक वृत्तभाषा आणि वाचकाचे आरोग्य

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर वाईट बातमीचा वाचकाच्या मनावर व शरीरावर होणारा परिणाम आपणांस भाषेच्या अंगाने समजून घेता येईल. भय वाढवणारी वाक्यरचना आणि माहिती देणारी वाक्यरचना यांतील भेद उदाहरणांसह सांगता येईल. आपल्या मोबाइलवर येणाऱ्या मजकुराचे भाषिक परीक्षण करण्याची सवय लागावी, हीही अपेक्षा आहे.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण वृत्तपत्रीय मराठीची घडण पाहिली. तेथे बातमी लिहिणारा हा आपल्या विवेचनाचा केंद्रबिंदू होता. या घटकात आपण बातमी वाचणाऱ्याकडे, ऐकणाऱ्याकडे वळणार आहोत. रात्री अंथरुणावर पडल्यावर मोबाइल हातात घ्यावा, एका अपघाताची बातमी वाचावी, तिच्याखालची दुसरी, मग तिसरी, आणि तासाभराने डोळे चुरचुरत असताना छातीत उगाचच धडधडत आहे असे जाणवावे, हा अनुभव आज सर्वांच्या परिचयाचा आहे. ‘डूमस्क्रोलिंग’ हा इंग्रजी शब्द त्यासाठी रूढ झाला. मराठीत त्याला अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द नाही, आणि तो घडवण्याची घाई करण्याचे कारणही नाही. त्या कृतीला नाव नसले तरी तिच्या परिणामाला आपल्या भाषेत फार जुने नाव आहे : धसका.

वाईट बातम्या वाचूच नयेत, असे या घटकाचे म्हणणे नाही. पुराच्या काठावर राहणाऱ्या कोल्हापूरकराला तसे सांगणे हा बेजबाबदारपणा ठरेल. प्रश्न वेगळा आहे. एकच वाईट बातमी एका माणसाला सावध करते आणि दुसऱ्याला आजारी पाडते. या फरकात भाषेचा वाटा किती, हे आपल्याला पाहावयाचे आहे.

४.३ वाक्प्रचारांतील शरीर

प्रथम काही वाक्प्रचार आठवू. पोटात गोळा येणे, तोंडचे पाणी पळणे, छातीत धस्स होणे, हातपाय गार पडणे, झोप उडणे, अन्न गोड न लागणे. शालेय व्याकरणात आपण हे वाक्प्रचार ‘घाबरणे’ किंवा ‘चिंता वाटणे’ असा अर्थ लिहून वाक्यात उपयोग करण्यासाठी पाठ केले. त्यांचा शब्दशः अर्थ मात्र आपण सोडून दिला. तो सोडण्यासारखा नाही.

भयाची सूचना मिळताच मेंदू शरीराला पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी सज्ज करतो. अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या प्रतिक्रियेचा अभ्यास केला. ॲड्रिनॅलिन रक्तात उतरते, हृदयाचे ठोके वाढतात. छातीत धस्स होते. त्वचेकडील रक्तपुरवठा कमी होऊन तो मोठ्या स्नायूंकडे वळतो. हातपाय गार पडतात. लाळ कमी सुटते. तोंडचे पाणी पळते. पचनाचे काम मंदावते. पोटात गोळा येतो, अन्न गोड लागत नाही. त्यापाठोपाठ कॉर्टिसॉल हे संप्रेरक शरीराला ताणाच्या स्थितीत टिकवून धरते, झोप उडते. ज्यांनी हे वाक्प्रचार घडवले त्यांना संप्रेरकांची नावे ठाऊक नव्हती, पण त्यांचे निरीक्षण अचूक होते.

ही सज्जता थोड्या काळापुरती असते आणि कृतीने ती ओसरते. माणूस धावतो, सामान माळ्यावर चढवतो, म्हशी सोडून उंचवट्यावर नेतो. मग दमतो आणि झोपतो. बातमी पाहणाऱ्यापाशी मात्र करण्यासारखे काहीच नसते. तो बसल्या जागी सज्ज होतो आणि सज्जच राहतो. ही स्थिती दीर्घकाळ टिकली तर झोप, रक्तदाब, पचन आणि रोगप्रतिकारशक्ती या सर्वांवर ताण येतो. बातम्या पाहिल्याने अमुक रोग होतो, असे सरळ विधान करणे मात्र शास्त्राला धरून होणार नाही. आधीच रक्तदाब असलेल्या, एकट्या राहणाऱ्या किंवा पूर्वी मोठा आघात सोसलेल्या व्यक्तीवर हा भार अधिक पडतो, इतके म्हणता येते.

आता ‘धसका’ या शब्दाकडे येऊ. मराठीत भीती ‘वाटते’, घोर ‘लागतो’, पण धसका माणूस ‘घेतो’. ‘त्याने धसका घेतला आणि अंथरूण धरले’ हे वाक्य खेड्यापाड्यांत आजही ऐकू येते. येथे कर्ता स्वतः माणूस आहे. रोग बाहेरून आला असला तरी तो आत घेण्याची क्रिया त्याच्याकडे दिलेली आहे. हा दोष देण्याचा प्रकार नव्हे; घेण्याची क्रिया जेथे असते तेथे न घेण्याची शक्यताही असते, असे मला या वाक्यरचनेत दिसते.

४.४ पुरातली माणसे आणि पुराबाहेरची माणसे

ऑगस्ट २०१९ मधील महापूर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. पुणे–बंगळूर महामार्ग सुमारे आठवडाभर बंद राहिला. उपसा केंद्रे पाण्याखाली गेल्याने, चोहीकडे पाणी असूनही शहराला प्यायला पाणी नव्हते.

त्या दिवसांत मी विद्यापीठीय कामासाठी पुण्यात होतो आणि महामार्ग बंद झाल्याने तेथेच अडकलो. आई कोल्हापुरात, शाहूपुरीच्या घरी. पाहुण्यांच्या दिवाणखान्यात मी दूरचित्रवाणीसमोर बसून असे. एकच बोट, एकच छतावरचे कुटुंब, एकच वाहून जाणारा सिलिंडर दिवसभरात शंभरदा पाहिला असेल. दृश्य तेच, पण दर वेळी पडद्यावर ‘आत्ताची मोठी बातमी’ अशी पट्टी. तिसऱ्या रात्री माझे डोके इतके जड झाले की पाहुण्यांनी जवळच्या डॉक्टरांकडे नेले. मला कधी नव्हता तो रक्तदाब निघाला. डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारले, ‘टीव्ही किती वेळ बघता?’

त्याच रात्री आईचा फोन लागला. शेजारच्यांच्या भ्रमणध्वनीवरून ती दोन मिनिटे बोलली. तिची वाक्ये मी नंतर वहीत उतरवून ठेवली, ती अशी : ‘पाणी तिसऱ्या पायरीला लागलंय. दुपारपास्नं तिथंच हाय. आम्ही समदी वरच्या मजल्यावर. तू जेवलास न्हवं?’

भाषेचा अभ्यासक म्हणून मला ही चार वाक्ये आजही आदर्श वृत्तान्त वाटतात. पहिल्यात ठिकाण आणि माप आहे, दुसऱ्यात काळ आणि पाण्याचा कल आहे, तिसऱ्यात केलेली उपाययोजना आहे. चौथे वाक्य ऐकणाऱ्याला करण्याजोगे एक काम देते. मी जेवलो, आणि झोपलो.

पुरात असलेली आई शांत आणि दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेला मुलगा दवाखान्यात, हा उलटा हिशेब त्या वर्षी अनेक घरांत घडला. कोल्हापुरात वीज नव्हती, त्यामुळे दूरचित्रवाणीही नव्हती. बाहेरगावच्या आप्तांपाशी मात्र ती चोवीस तास होती. अर्थात एका कुटुंबाचा अनुभव म्हणजे पुरावा नव्हे, आणि ज्यांची घरे, जनावरे, माणसे गेली त्यांचे दुःख या तुलनेत बसत नाही. त्याला वेगळ्याच मापाने मोजले पाहिजे. तरीही हा हिशेब अपवादात्मक नाही असे मानायला आधार आहे.

१५ एप्रिल २०१३ रोजी अमेरिकेतील बॉस्टन येथे मॅरेथॉन शर्यतीच्या वेळी बॉम्बस्फोट झाले. ॲलिसन होल्मन, डेना रोझ गार्फिन आणि रॉक्सेन कोहेन सिल्व्हर या संशोधकांनी नंतरच्या आठवड्यांत ४,६७५ प्रौढांकडून माहिती घेतली. स्फोटानंतरच्या आठवड्यात रोज सहा किंवा अधिक तास त्यासंबंधीच्या बातम्या पाहणाऱ्यांनी, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी वा परिसरात असलेल्यांपेक्षाही अधिक तीव्र ताणाची लक्षणे नोंदवली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावर रास्त शंका घेता येते : मुळात चिंताग्रस्त माणसेच अधिक बातम्या पाहत असतील तर? त्या शंकेचे अंशतः उत्तर एका जुन्या, लहान प्रयोगात मिळते. इंग्लंडमध्ये वेंडी जॉन्स्टन आणि ग्रॅहम डेव्ही यांनी ३० जणांचे तीन गट करून त्यांना १४ मिनिटांची बातमीपत्रे दाखवली : एका गटाला सकारात्मक, दुसऱ्याला तटस्थ, तिसऱ्याला नकारात्मक. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या गटाची चिंता व खिन्नता तर वाढलीच. शिवाय त्या बातम्यांशी काहीही संबंध नसलेल्या स्वतःच्या खासगी काळज्याही त्यांना अधिक भयंकर वाटू लागल्या. बाहेरची आपत्ती घरातल्या काळजीला जाऊन मिळते. मराठीत यालाही शब्द आहे : मन ‘नको ते’ चिंतू लागते.

४.५ भयाची वाक्यरचना

येथपर्यंतचे विवेचन मानसशास्त्राच्या प्रांतातील होते. आता आपल्या प्रांतात येऊ. वाईट बातमीचे भय केवळ आशयात नसते. ते रचनेतही असते. मराठीपुरत्या तीन गोष्टींकडे मी आपले लक्ष वेधतो. त्यांतील पहिलीवर अधिक रेंगाळणार आहे, कारण ती आपल्या भाषेची खास खूण आहे.

पारावर बसलेला माणूस सांगतो, ‘धरणाला भेग पडली म्हणे.’ यातील ‘म्हणे’ हा चिमुकला शब्द फार मोठे काम करतो. बोलणाऱ्याने भेग स्वतः पाहिलेली नाही, कोणाकडून तरी ऐकले आहे, हे तो सांगतो. ज्ञानाचा स्रोत दाखवणाऱ्या अशा खुणा जगातील अनेक भाषांत आहेत. तुर्कीत ती खूण क्रियापदाच्या प्रत्ययातच येते. आपल्या शेजारच्या कन्नडमध्ये ‘अंते’ हा शब्द ‘म्हणे’सारखेच काम करतो, आणि सीमाभागातील द्वैभाषिक माणसे दोन्ही खुणा सहज वापरतात. ‘म्हणे’ लागलेले वाक्य ऐकणारा लगेच विचारतो, ‘कोण म्हणालं?’ म्हणजे संशयाला वाक्यातच जागा ठेवलेली असते. भय पसरते, पण सैल पसरते.

हेच वाक्य मोबाइलवर लिहिले जाते तेव्हा काय होते? लिहिताना ‘म्हणे’ गळून पडते. उरते ते ‘धरणाला भेग पडली!’ लिखित भाषेला आपल्याकडे मुळातच अधिकार आहे. ‘छापून आलंय’ हा एके काळी वाद संपवणारा युक्तिवाद होता. त्यामुळे स्रोताची खूण गमावलेले ऐकीव वाक्य साक्षीदाराच्या वाक्यासारखे भासू लागते. मोठा पूर आला की धरणाविषयीची अशी वाक्ये कोठून तरी हमखास निघतात, आणि वृद्ध माणसे त्या रात्री झोपत नाहीत.

याचा टोकाचा परिणाम महाराष्ट्राने पाहिला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे, मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून, नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. धसका एकट्याने घेतला तर माणूस अंथरूण धरतो. गावाने घेतला तर तो दुसऱ्याच्या जिवावर उठतो. देशभरातील अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर ‘फॉरवर्डेड’ अशी चिठ्ठीही लावली. विचार केला तर ही चिठ्ठी म्हणजे यंत्राने परत जोडलेले ‘म्हणे’च आहे. मात्र ते इतक्या बारीक अक्षरात असते की घाबरलेल्या माणसाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट काळदर्शक शब्दांची. ‘आज’, ‘आत्ता’, ‘इथे’, ‘उद्या’ या शब्दांना स्वतःचा स्थिर अर्थ नसतो. कोण, कोठे, केव्हा बोलतो त्यावर तो ठरतो. ‘आज रात्री राधानगरीचे दरवाजे उघडणार’ हा मजकूर सोमवारी लिहिला गेला आणि गुरुवारी आपल्याला मिळाला, तर त्यातील ‘आज’ गुरुवार होऊन बसतो. प्रत्येक नव्या वाचकापाशी ही रात्र नव्याने सुरू होते. जुलै २०२१ मध्ये पंचगंगा पुन्हा ५६ फुटांपर्यंत गेली. त्या वेळी आमच्या गटांवर आलेल्या चित्रफितींपैकी काही २०१९ च्या होत्या; दोन वर्षांपूर्वीचे ‘आत्ता’ त्यांत बोलत होते. कोल्हापूरकरांसाठी येथे एक गंमतही आहे. राधानगरी धरणाचे हे सात दरवाजे स्वयंचलित आहेत. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की ते आपोआप उघडतात. त्यांच्याबाबत ‘आज रात्री अमुक वाजता उघडणार आहेत’ अशी वेळ आधीच कोणी ठरवू शकत नाही. वाक्य वाचताच भाषेच्या विद्यार्थ्याने विचारावे : कोण उघडणार?

या प्रश्नातून आपण तिसऱ्या गोष्टीकडे येतो, ती म्हणजे कर्ता. कहर, थैमान, तांडव, विळखा, रौद्र रूप ही आपत्तीच्या मथळ्यांतील ठरलेली नामे. ‘पंचगंगेचे थैमान’, ‘कोरोनाचा विळखा’. या रूपकांत नदीला किंवा रोगाला इच्छा आणि राग मिळतो. कोपलेल्या शक्तीपुढे माणूस काय करणार? हात जोडणार. उलट जलसंपदा विभागाची निळी पूररेषा, म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत कोणी भराव टाकला, कोणी परवानगी दिली, हा मनुष्य-कर्ता अशा मथळ्यात कोठेच नसतो. ‘घरे पाण्याखाली गेली’ हे वाक्य अकर्तृक आहे. ‘पूररेषेत घरे बांधली गेली’ हे कर्मणी, म्हणून कर्त्याचा निदान संशय तरी येतो. रूपके वापरूच नयेत, असे कोणी भाषाप्रेमी म्हणणार नाही. पण ज्या वाक्यात उत्तरदायी माणूस नाही, त्या वाक्याने वाचकाच्या मनात असहायता शिल्लक राहते. आणि दीर्घ ताणात शरीराला सर्वांत महाग पडते ती असहायताच.

अशी भाषा संपादक का वापरतात, हे वेगळे सांगायला नको. इंग्रजीतील सुमारे एक लाख मथळ्यांच्या एका विश्लेषणात, मथळ्यातील प्रत्येक वाढीव नकारात्मक शब्दामागे तो उघडून वाचणाऱ्यांचे प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढते, असे २०२३ मध्ये दिसून आले. मराठी मथळ्यांची अशी मोजणी आपल्यापैकी कोणी तरी करायला हवी.

४.६ तारेची भाषा

वाईट बातमी सांगण्याची एक रीत आपल्या समाजापाशी होती. जुलै २०१३ मध्ये भारतातील तार सेवा बंद झाली. त्याच्या कितीतरी आधी, माझ्या लहानपणी, तारवाला दारात दिसला की बायका मजकूर वाचण्यापूर्वीच पदर तोंडाला लावीत. पण तारेत किंवा निरोपात बहुधा मृत्यूचा उल्लेख नसे. ‘तब्येत जास्त आहे, निघून या’ एवढेच असे. ‘जास्त आहे’ याचा अर्थ मोठ्यांना कळे, तरी प्रवासापुरती आशा शिल्लक राही. निरोप आणणारा माणूस ओळखीचा असे. तो पाणी मागे, बसे, गाडीची वेळ सांगे. बातमी एकदाच येई, आणि तिच्यासोबत ‘निघून या’ हे काम येई.

या रीतीत लपवाछपवी होती, हे मान्य केले पाहिजे. जवळच्या माणसाचे शेवटचे दर्शन त्यामुळे हुकलेले लोकही मला ठाऊक आहेत. तरी तिच्यात सांगणाऱ्यावर ऐकणाऱ्याच्या शरीराची जबाबदारी होती. आजच्या पडद्याला आपल्या घरात कोण म्हातारे आहे, कोण गरोदर आहे, हे माहीत नसते.

४.७ वाचकाच्या हाती

पावसाळ्यात सुतारवाड्यातील किंवा कुंभार गल्लीतील माणूस सकाळी एक आकडा विचारतो : बंधाऱ्यावर किती फूट? ३९ ऐकले की तो कागदपत्रे पिशवीत भरतो, ४३ जवळ आले की गाठोडी बांधतो. दुसऱ्या आकड्याची वेळ होईपर्यंत तो आपल्या कामाला लागतो. नकारात्मक बातमी वाचण्याची याहून चांगली पद्धत मला अद्याप पाठ्यपुस्तकांत आढळलेली नाही. ठरावीक वेळी, एका विश्वासू स्रोताकडून, माप असलेली बातमी घ्यावी. झोपण्यापूर्वीचा तास बातम्यांना देऊ नये. दूर असलेल्या आप्ताची काळजी वाटली तर पडद्याऐवजी फोन करावा. बातम्यांमुळे आलेली बेचैनी, निद्रानाश वा छातीतील धडधड काही आठवडे टिकली तर डॉक्टरांना दाखवावे. केंद्र शासनाची ‘टेलिमानस’ ही मानसिक आरोग्यासाठीची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

४.८ स्वाध्याय

१. ‘धसका घेणे’, ‘भीती वाटणे’ आणि ‘घोर लागणे’ या तीन रचनांतील कर्त्याचे स्थान उदाहरणांसह स्पष्ट करा.

२. ‘म्हणे’ हा शब्द गळाल्याने वाक्याच्या विश्वासार्हतेत कोणता बदल होतो? आपल्या बोलीतील ऐकीव माहिती दाखवणाऱ्या इतर शब्दांची नोंद करा.

३. आपत्तीच्या मथळ्यातील मानवी कर्त्याचा लोप म्हणजे काय ते सांगून अशा दोन मथळ्यांचे कर्ता दाखवणारे पुनर्लेखन करा.

उपक्रम : सलग सात दिवस आपल्या मोबाइलवर आलेला प्रत्येक भयसूचक मजकूर वहीत जसाच्या तसा उतरवून घ्या. प्रत्येकाखाली चार रकाने आखा : ठिकाण, माप, तारीख, करण्याजोगे काम. जे रकाने रिकामे राहतील ते रिकामेच ठेवा. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीला त्यातील दोन मजकूर वाचून दाखवा आणि तिने विचारलेला पहिला प्रश्न, तिच्याच बोलीत, समोरच्या पानावर लिहा. वही संपर्क सत्राच्या वेळी सोबत आणावी.